१२ जूनला खात्यात किती असतील?

पैसे होते, तरीही हप्ता परत गेला. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरात हे घडलं. गृहकर्जाचा हप्ता ज्या खात्यातून कापला जायचा, त्यात त्या सकाळी अकराशे रुपये कमी पडले. त्याच सकाळी दुसऱ्या बँकेतल्या खात्यात चाळीस हजारांवर रक्कम पडून होती. कर्ज देणाऱ्या संस्थेने बाउन्सचे पैसे लावले, बँकेने मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याचा आदेश, परत गेल्याचे वेगळे लावले. दोन मिनिटांत मोबाइलवरून पैसे इकडचे तिकडे करता आले असते, पण कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून किती जाणार, हे घरात कुठेच एका जागी लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी ते लिहीत आलो आहे. ज्या घरात एकाहून जास्त खाती आणि एखादं क्रेडिट कार्ड आहे, त्या प्रत्येक घराने ते लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे घरखर्चाचा हिशेब महिन्याने होतो. पगार एक लाख, खर्च नव्वद हजार, उरले दहा, म्हणजे सगळं ठीक. पण बँकेला महिना कळत नाही, तिला तारीख कळते. महिन्याला दहा हजार उरणाऱ्या घरातही पाच तारखेला खातं रिकामं आणि सात तारखेला भरलेलं असू शकतं, आणि हप्ता नेमका सहा तारखेचा असू शकतो. म्हणून महिन्याच्या बेरजेसोबत तळही माहीत हवा. येत्या दोन-तीन महिन्यांत शिल्लक सर्वांत खाली कोणत्या दिवशी जाईल, आणि किती खाली?

अशा पुढच्या हिशेबाला मराठीत जुना शब्द आहे, अजमास. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत, तसेच 'प्रांत अजमास' या नावाने ओळखले जाणारेही आहेत. रोजकीर्द म्हणजे घडलेल्या जमाखर्चाची रोजची नोंद. अजमास म्हणजे अंदाज. बँकेचं पासबुक, ॲपमधली व्यवहारांची यादी, कार्डाचं स्टेटमेंट या सगळ्या रोजकीर्दी झाल्या. अजमास मात्र कुठलीच बँक आपल्याला लिहून देत नाही, कारण एका बँकेला दुसऱ्या बँकेतलं आपलं खातं दिसत नाही आणि शाळेची फी कधी भरायची ते तर दोघींनाही माहीत नसतं.

कार्डाचा हिशेब समजायला जुन्या हुंडीचाही उपयोग होतो. जुन्या सावकारीत दर्शनी हुंडी दाखवली की पैसे द्यावे लागत, आणि मुदतीची हुंडी ठरलेले दिवस भरल्यावर वटे. डेबिट कार्ड, रोख रक्कम, खात्यातून केलेलं यूपीआय हे सगळं दर्शनी. क्रेडिट कार्ड म्हणजे मुदतीची हुंडी. तिथे प्रत्येक खर्चाला दोन तारखा असतात, वस्तू घेतल्याची आणि पैसे खात्यातून जाण्याची. खर्चाच्या वहीत पहिली लागते, अजमासात दुसरी. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की किराणा एकदा दुकानात आणि पुन्हा कार्डाचं बिल भरताना, असा दोनदा मोजला जातो, किंवा कुठेच मोजला जात नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे आता कोथिंबिरीच्या जुडीलाही दोन तारखा असू शकतात.

कार्डाच्या मुदतीचं गणित एकदा नीट पाहू. समजा, बिल दर महिन्याच्या १६ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. मग १७ मेची खरेदी १६ जूनच्या बिलात येईल आणि पैसे ५ जुलैला जातील. म्हणजे ४९ दिवस. तीच खरेदी १६ जूनला केली तरी पैसे ५ जुलैलाच जातील, म्हणजे १९ दिवस. जाहिरातीतल्या '५० दिवस बिनव्याजी'चा अर्थ एवढाच, की सर्वांत लांबची मुदत तेवढी. बिल निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज घेतला आणि तीन दिवसांनंतर घेतला, यात घराच्या खात्याला एका अख्ख्या महिन्याचा फरक पडतो.

आता एक घर घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण असली घरं ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात कितीतरी सापडतील. नवऱ्याचा पगार ६२,००० रुपये, महिन्याच्या शेवटच्या दिवशी पहिल्या खात्यात येतो. बायकोचा ३८,०००, दर ७ तारखेला दुसऱ्या खात्यात. पहिल्या खात्यातून ५ तारखेला गृहकर्जाचा २४,५०० चा हप्ता आणि कार्डाचं बिल जातं, १० तारखेला ५,००० ची एसआयपी. दुसऱ्या खात्यातून १ तारखेला कामवाल्या मावशी, दूध आणि पेपर मिळून ६,०००, दर रविवारी भाजी-रिक्षा असल्या किरकोळ खर्चाचे २,००० आणि १० तारखेला सोसायटीचे ३,५००. कार्डावर एरवी महिन्याला २२,००० जातात. पण एप्रिल-मेच्या बिलात सुट्टीतल्या कोकणातल्या मुक्कामाचा खर्च आहे, म्हणून ५ जूनला भरायचं बिल ४१,३०० आहे. शिवाय जूनमध्ये विम्याचा वार्षिक हप्ता, १८,७००, १२ तारखेला पहिल्या खात्यातून. आणि शाळेची फी, २६,०००, २० तारखेपर्यंत.

३१ मेच्या रात्री, पगार जमा झाल्यावर, पहिल्या खात्यात ७१,४०० आणि दुसऱ्यात ११,२०० आहेत. दोन्ही मिळून ८२,६००. त्या रात्री या घराला आपण सुखरूप आहोत असंच वाटेल.

तारखा ओळीने लावल्या की चित्र बदलतं. १ जूनला, तो रविवार धरू, दुसऱ्या खात्यात ३,२०० उरतात. ५ जूनला पहिल्या खात्यातून हप्ता आणि बिल जाऊन ५,६०० राहतात. ७ ला बायकोचा पगार आला की दुसऱ्या खात्यात ४१,२००, आणि ८ च्या रविवारनंतर ३९,२००. १० ला एसआयपी गेली की पहिल्यात ६०० आणि सोसायटीचे गेले की दुसऱ्यात ३५,७००. मग १२ जून उजाडतो, विम्याला १८,७०० हवेत, आणि ज्या खात्यातून ते जायचे तिथे आहेत ६००.

ही पहिल्या प्रकारची चणचण, खात्याची. घरात १२ तारखेला एकूण ३६,३०० आहेत, फक्त ते दुसऱ्या खात्यात आहेत. उपाय फुकट आहे, ८ जूनला २०,००० दुसऱ्या खात्यातून पहिल्यात टाकायचे. आयएमपीएस आणि यूपीआय रविवारीही चालतात, एनईएफटीसुद्धा १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे. विमा जाऊन पहिल्या खात्यात १,९०० राहतील आणि दुसऱ्यात १५,७००. माझ्या घरचा हप्ता परत गेला तो याच जातीचा होता. असला दंड मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो गरिबीचा नसतो.

पण १५ च्या रविवारनंतर दोन्ही खात्यांत मिळून १५,६०० उरतात आणि फीला २६,००० लागतात. १०,४०० कमी. इथे पैसे कितीही इकडचे तिकडे केले तरी उपयोग नाही. ही दुसऱ्या प्रकारची चणचण, घराची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसती एकूण शिल्लक बघणाऱ्याला पहिली कधीच दिसत नाही, तर एकाच खात्याकडे बघणाऱ्याला दुसरी दिसत नाही. म्हणून अजमासाच्या कागदावर प्रत्येक खात्याला स्वतंत्र रकाना हवा आणि शेवटी एकूण शिलकेचा रकानाही हवाच.

फीसाठी हे घर काय करू शकतं? शाळा कार्ड घेत असेल, तर पहिला विचार तोच येईल. समजा, १२ जूनलाच कार्डावर फी भरली. मग ती १६ जूनच्या बिलात येईल आणि ५ जुलैला पैसे द्यावे लागतील. ५ जुलैचा हिशेब असा आहे: जूनअखेरचा पगार येऊन, मावशी-दूध-पेपरचे जाऊन, हप्ता आणि नेहमीचं २२,००० चं बिल भरून दोन्ही खात्यांत मिळून २१,१०० उरतात. त्यातून आणखी २६,००० जायचे म्हटले तर ४,९०० कमी पडतात. बायकोचा पगार येतो ७ ला. दोन दिवसांनी चुकलं.

तीच फी १८ जूनला भरली तर? बिल १६ जुलैला निघेल, पैसे ५ ऑगस्टला जातील. मधल्या काळात दोन पगार येतात. ५ ऑगस्टला हप्ता आणि ४८,००० चं बिल भरूनही घरात २४,१०० उरतात. खर्च तोच, पैसे तेवढेच, फक्त सहा दिवसांनी उशिरा. १७ च्या काठावर न जाता १८ घेतली, कारण व्यवहार केल्याची तारीख आणि तो कार्डाच्या खात्यावर चढल्याची तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. काही शाळा कार्डाने भरल्यास वर काही टक्के आकार घेतात, तो किती ते आधी विचारून घ्यावं.

अजमास न लिहिता ही युक्ती करणं मात्र धोक्याचं आहे. ५ ऑगस्टच्या ओळीत ४८,००० हा आकडा आजच लिहिलेला असेल तरच तिला अर्थ आहे. नाहीतर जुलैत खातं भरलेलं दिसतं, त्या भरात आणखी काही घेतलं जातं, आणि मग 'मिनिमम ड्यू' भरून वेळ निभावण्याची पाळी येते. बिलातला थोडा भाग जरी मागे ठेवला, तरी बिनव्याजी मुदतच संपते. जुन्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून. महिना साडेतीन टक्के हा काही असाधारण दर नाही, आणि त्याचे वर्षाचे ४२ टक्के होतात. शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेऊ नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा तिथून संरक्षण मिळेल या आशेवर राहू नये.

पुढचं बिल किती येईल याचा अंदाज कसा करायचा? इथे बहुतेकांची गाडी अडते, पण हे सोपं आहे. कार्डाचे पैसे तीन थरांत असतात. पहिला, निघालेलं बिल: रक्कम आणि तारीख दोन्ही ठरलेल्या. दुसरा, खर्च झालेला पण बिलात न आलेला भाग, ॲपमध्ये तो 'अनबिल्ड' म्हणून दिसतो. तिसरा, बिल निघेपर्यंत अजून व्हायचा खर्च. आपल्या घरात ८ जूनच्या रात्री अनबिल्ड १५,८०० दिसत असतील आणि बिलाला आठ दिवस उरले असतील, तर रोजचे साडेसातशे धरून आणखी ६,००० होतील. म्हणजे बिल २१,८०० च्या आसपास. पुढच्या रविवारी हाच अंदाज अधिक घट्ट होतो, कारण तिसरा थर आटत जातो आणि दुसरा वाढत जातो. परत केलेल्या वस्तूचे पैसे मात्र कार्डावर दिसेपर्यंत धरू नयेत. अनेकदा ते पुढच्या बिलात येतात आणि तोवर आधीचं बिल पूर्ण भरावं लागतं.

जमेच्या बाजूलाही पक्की आणि कच्ची अशी वर्गवारी करावी. नोकरदाराचा पगार पक्का, पण फेब्रुवारी-मार्चचा नाही. वर्षाचा राहिलेला टीडीएस त्या दोन महिन्यांत कापला गेला की हातात येणारी रक्कम बरीच कमी होते. स्वतंत्र काम करणाऱ्याचं बिल कच्चं. उसाचे पैसे कच्चे: ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ते ऊस कारखान्याला मिळाल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात, पण ते कधी येतात हे ज्याच्या घरी ऊस आहे त्याला सांगायला नको. माझा नियम असा की कच्ची जमा वेगळ्या रंगात लिहायची आणि तळ काढताना ती धरायचीच नाही. आली तर आनंद. खर्चाच्या बाबतीत नेमकं उलट करावं, शंका असेल तर धरावाच. ज्यांना आगाऊ कर भरावा लागतो त्यांनी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार ओळी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून टाकाव्यात.

वर्षातून एकदा येणारे खर्च हे अजमासाचं खरं दुखणं. घरपट्टी, गाडीचा विमा, आयुर्विमा, जूनची फी आणि वह्या-पुस्तकं, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर. यांतलं एकही अचानक येत नाही, तरी दरवेळी अचानक आल्यासारखं वाटतं. गेल्या बारा महिन्यांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट समोर घेऊन बसलं की एका दुपारी ही यादी तयार होते. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

बँकांच्या यंत्रणेतल्या काही गोष्टी माहीत असाव्यात. हप्ते, एसआयपी, विमा ज्या नॅच यंत्रणेतून कापले जातात, ती १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. 'रविवार आहे, सोमवारी जाईल' हा जुना भरवसा आता चालत नाही. कार्डावरच्या ऑटो-डेबिटची सूचना किमान २४ तास आधी यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना अजमास तपासायला छान, पण पैशांची तजवीज करायला फार उशिराची. कार्डाचं बिल निघण्याची तारीख ग्राहकाला किमान एकदा बदलून मागता येते, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या उदाहरणातल्या घराने ड्यू डेट ५ वरून १० च्या आसपास सरकवून घेतली, तर बायकोचा पगार बिलाच्या आधी येईल आणि दर महिन्याच्या ५ तारखेचा तो खड्डा उथळ होईल. ड्यू डेट चुकलीच, तर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्यावरच दंड लावता येतो. पण ही अडचणीतली सवलत आहे, अजमासात तिच्यावर मदार ठेवू नये. आणि हप्ता परत जाणं निव्वळ दंडावर भागत नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ नुसार खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक भरणा परत जाणं हा न वटलेल्या चेकसारखाच गुन्हा ठरू शकतो.

किमान शिलकेबद्दल एवढंच, की बऱ्याच बँका महिन्याची सरासरी बघतात. एक दिवस खाली गेल्याने लगेच दंड होत नाही.

साधन कोणतंही चालेल. दोनशे पानी वही चालते. एक्सेल किंवा गूगल शीट असेल तर तारीख, तपशील, पहिलं खातं, दुसरं खातं, कार्ड आणि एकूण एवढे रकाने पुरतात. प्रत्येक ओळीची शिल्लक म्हणजे वरच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे. कार्डाचा रकाना ऋण असतो, म्हणजे किती देणं आहे ते त्यात दिसतं. बिल भरलं की पहिल्या खात्यातून रक्कम जाते आणि कार्डाचं देणं तेवढंच कमी होतं. त्या दिवशी नवा खर्च काहीच होत नाही. एकूण शिल्लक काढताना मात्र फक्त बँकेतले पैसे धरायचे. प्रत्येक खात्याच्या आणि एकूण रकान्यावर 'मिन' सूत्र लावलं की तळाचे आकडे समोर येतात. नूकॅश नावाच्या मोफत संगणकप्रणालीत पुढच्या तारखांचे व्यवहार आधी नोंदवता येतात, आणि खात्याच्या पानावर ती पुढची सर्वांत कमी शिल्लक स्वतःच दाखवते. अकाउंट ॲग्रीगेटरमुळे २०२१ पासून आपल्या संमतीने वेगवेगळ्या बँकांची माहिती एकत्र पाहता येऊ लागली आहे, ही मोठीच सोय झाली. पण तिथे दिसते ती कालपर्यंतची रोजकीर्द. १२ जूनची ओळ आपल्यालाच लिहावी लागते.

किती पुढचं लिहावं? कार्ड असेल तर ९० दिवस. आजच्या खर्चाचे पैसे सात आठवड्यांनी जाऊ शकतात, आणि ते गेल्यावर पुढचा पगार येईपर्यंत काय होतं हेही दिसायला हवं.

मग दर रविवारी ताळा. ॲप उघडून प्रत्येक खात्याची खरी शिल्लक कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायची, घडून गेलेल्या ओळी खोडायच्या, पुढच्या दुरुस्त करायच्या. मला याला वीस मिनिटं लागतात. तीन-चारशेचा फरक नेहमीच निघतो, तो मी शोधत बसत नाही, शिल्लक खरी करून पुढे जातो. फरक हजारांत असेल तर थांबतो. एकदा असंच थांबल्यावर आठ महिने वापरात नसलेल्या एका ॲपचं वर्गणीचं मँडेट सापडलं होतं.

या कामाला घरातल्या दोघांनी बसावं. ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याला तारखा माहीत असतात आणि ज्याच्या हातून घर चालतं त्याला येणारे खर्च. आपल्या उदाहरणातल्या घरी ८ जूनच्या रविवारी दोघं बसली असतील, तर कागदावर आता या ओळी असतील: ८ जून, दुसऱ्या खात्यातून पहिल्यात २०,०००. १८ जून, शाळेची फी, कार्डावर. ३ ऑगस्ट, दुसऱ्यातून पहिल्यात १०,०००, कारण ५ ऑगस्टच्या बिलानंतर पहिल्या खात्यात फक्त १,९०० उरणार आहेत. त्याखाली ऑगस्टअखेरची एक ओळ, तपशिलात 'गणपती', आणि रकमेच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेला, अजून दोघांचं एकमत न झालेला एक आकडा.